न्हाणीघर आणि खालच्या मजल्याचे छत

मुंबईच्या उपनगरांत मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या वहिवाटीत ज्या दोन-तीन खोल्या असतात, त्यांत क्षेत्रफळाने सर्वांत लहान ती न्हाणीघराची. परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीतील तक्रारअर्जांचे बाड कोणी जिज्ञासूने उलगडून पाहिले, तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट आणण्याचे सामर्थ्य याच चार फूट रुंद आणि सात फूट लांब जागेत किती आहे, याची त्यास तत्काळ प्रचीती येईल. दिवाणखान्याची भिंत ओबडधोबड राहिली, तर फार तर पाहुणे नाक मुरडतील. न्हाणीघराची जमीन मात्र एकाची जमीन आणि दुसऱ्याचे छत अशी दुहेरी मिळकत असल्यामुळे, तिच्यातील दोष मालकाच्या लक्षात येण्यापूर्वीच खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर पिवळट डागाच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून न्हाणीघराला नव्या लाद्या बसवू पाहणाऱ्याने रंगाची आणि नक्षीची निवड करण्याआधी, तेथे रोज सांडणारे पाणी कोणत्या वाटेने जाते याचा विचार करावा, असे माझे मत आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. अंधेरी आणि घाटकोपर ही गावे १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड ही १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. तेथील वस्तीचा बराच भाग तोवर बैठ्या घरांचा होता, आणि त्या घरांतील मोरी म्हणजे शहाबादी फरशीचा एक चौकोन, त्याला वीतभर उंचीचा कठडा, एका बाजूस तांब्याचा बंब आणि भिंतीच्या बुडाशी पाणी बाहेर जाण्याचे एक भोक. ते पाणी परसातील अळूला आणि केळीला मिळे. फरशीच्या सांध्यांतून जे झिरपे ते खालच्या मातीत मुरे, आणि त्याबद्दल दाद मागणारा कोणी नसे. पुढे गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उठल्या, सहकारी संस्थांच्या चार-चार मजली इमारती झाल्या, ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ ही मध्यमवर्गाची महत्त्वाकांक्षा ठरली, आणि मोरी जमीन सोडून तिसऱ्या मजल्यावर चढली. फरशीची आणि माणसाच्या सवयींची वहिवाट तीच राहिली. फक्त खालची माती नाहीशी झाली आणि तिच्या जागी साडेचार-पाच इंच जाडीचा लोखंडी सळ्यांचा स्लॅब आला.

भिंतीवरील चकचकीत लाद्यांचाही इतिहास याच सुमाराचा आहे. मुंबईत १९२२ साली निघालेल्या ‘भारत टाइल्स’ने सिमेंटच्या नक्षीदार फरश्या देशातच करण्यास स्वदेशीच्या प्रेरणेने आरंभ केला होता, परंतु काचेसारखा लेप चढवून भट्टीत भाजलेल्या भिंतीच्या लाद्या दीर्घकाळ परदेशांतूनच येत, आणि म्हणून त्या श्रीमंतांच्या बंगल्यांत दिसत. १९५८ साली ‘एच. अँड आर. जॉन्सन’ने भारतात पाय रोवला आणि ठाण्यास कारखाना काढला, तेव्हापासून सहा इंची चौरस पांढरी लादी हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आली. जुन्या इमारतींत ती अजूनही दिसते: जमिनीपासून तीन किंवा चार फूट लाद्या, त्यावर फिकट हिरवा किंवा निळा ऑइलपेंट. या लाद्यांच्या पट्ट्याला मिस्त्री ‘डॅडो’ म्हणतात. सांप्रत सौराष्ट्रातील मोरबी या एका गावाच्या आसमंतात शेकडो कारखाने लाद्या भाजत असून देशातील बहुतेक माल तेथूनच येतो. त्यामुळे लादी स्वस्त झाली, मोठी झाली आणि डॅडो छतापर्यंत पोहोचला. शोभा वाढली यात संशय नाही. गळती कमी झाली असे मात्र म्हणता येत नाही.

याचे कारण असे की लादी पाणी अडवत नाही. वरचा काचेचा लेप अभेद्य असतो हे खरे. परंतु दोन लाद्यांमधल्या सांध्यात भरलेले सिमेंट सच्छिद्र असते, आणि शंभर लाद्यांच्या भिंतीत सांध्यांची एकूण लांबी कित्येक मीटर भरते. अंगावर घेतलेल्या प्रत्येक तांब्यातील काही थेंब त्या सांध्यांत शिरतात, लादीमागच्या मसाल्यात उतरतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या निरपवाद हुकमाने खाली सरकत भिंत व जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यात जमा होतात. तेथे त्यांना अडवणारा थर असेल तर ठीक. नसेल तर ते स्लॅबमध्ये शिरतात, आतील सळीला गंज चढवतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळे सळीखालचे काँक्रीट फुगून पापुद्र्यासारखे सुटते. खालच्या शेजाऱ्याच्या छताचा गिलावा पडतो तो असा. समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या आपल्या इमारतींच्या सळ्यांना या कामात बाहेरून साहाय्यही मिळते.

म्हणून खरे काम लादीखालचे असते. मुंबईकडील बांधणीत न्हाणीघराचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा पुष्कळदा फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खळग्यातून सांडपाण्याचे नळ नेतात आणि उरलेली जागा विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून भरतात. याला ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणतात. कोब्याखाली आणि कोब्यावर जलरोधक द्रव्य मिसळलेल्या सिमेंटचे थर देतात, कोपऱ्यांत काटकोन न ठेवता मसाल्याचा गोलसर भराव, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेतील ‘वाटा’, काढतात, आणि त्यावरून लवचीक रासायनिक लेपाचे दोन हात एकमेकांस आडवे-उभे देऊन तो लेप भिंतीवर निदान फूटभर, आणि शॉवर असेल तेथे डोक्याच्या उंचीपर्यंत, चढवतात. हा लेप वाळल्यावर दोन सूत जाडीचाही दिसत नाही. पण सगळ्या घराची अब्रू त्याच्या हाती असते. काम घाईचे असले की याच थराला कात्री लागते, कारण दुसऱ्या दिवशी तो लादीखाली दडणार हे सर्वांस ठाऊक असते.

त्याहूनही नाजूक जागा नहाणी ट्रॅपची. जमिनीतले हे जाळीदार तोंड पाणी खेचून घेते आणि आपल्या वळणात सुमारे दोन इंच पाणी सदैव धरून ठेवून गटाराची दुर्गंधी व झुरळे घरात येऊ देत नाही. जुना ट्रॅप काढून नवा बसवताना त्याच्याभोवती स्लॅबला पडलेले भोक कसेबसे बुजवले, तर पुढे कितीही उंची लादी आणली तरी तिचा उपयोग नाही. कारण साऱ्या जमिनीचा उतार पाणी नेमके त्याच भोकाकडे आणून सोडतो. हा उतार मीटरमागे निदान एक सेंटिमीटर असावा, म्हणजे सात फुटांच्या न्हाणीघरात दाराकडून ट्रॅपकडे जाताना जमीन पाऊण इंचाहून थोडी अधिक उतरली पाहिजे. अलीकडे जमिनीवरही दोन-चार फुटांच्या लाद्या घालण्याची हौस बोकाळली आहे. परंतु चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतरणाऱ्या जमिनीवर मोठी लादी वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या लादीवर पाणी तुंबते. न्हाणीघराच्या जमिनीला बारा इंची, खरखरीत पृष्ठाची लादी हीच योग्य, या बाबतीत मी दुकानदाराशी तडजोड करण्यास तयार नाही.

लेप पुरता झाला की ट्रॅपचे तोंड बांधून उंबरठ्याच्या आत तीन-चार इंच पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि दोन-तीन दिवस त्यास हात लावू नये. अल्पसे बाष्पीभवन सोडल्यास पातळी खाली गेली नाही, आणि खालच्या शेजाऱ्यास आपण होऊन बोलावून त्याचे छत कोरडे असल्याची कबुली घेतली, तरच लादीचा खोका फोडावा. या परीक्षेला काही खर्च नाही, लागतो तो केवळ धीर. आणि बिगाऱ्यासह मिस्त्रीची रोजंदारी चालू असताना धीर धरणे कठीण जाते.

आता भिंत. भिंत सरळ आहे असे डोळ्यांनी ठरवू नये. ओळंबा सोडावा, गुण्या लावावा. मोठ्या कोपऱ्यास गुण्या पुरत नसेल तर एका भिंतीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून त्या दोन खुणांमधील अंतर पाच फूट भरते की नाही ते पाहावे. शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदी आखण्यासाठी जो नियम नोंदवून ठेवला तो घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर आजही चालतो, आणि ज्यास अंकगणितापलीकडे काही येत नाही असा मिस्त्रीही तो बिनचूक वापरतो. ओळंब्याला अर्धा इंच फरक निघाला, तर तो गिलाव्यातच भरून काढावा; लादीमागे मसाला जाड-पातळ करून भिंत सरळ करण्याची तजवीज पुढे अंगाशी येते. जुन्या गुळगुळीत लाद्या तशाच ठेवून त्यांवर नव्या चिकटवण्याचा सोपा मार्गही सुचवला जातो. त्यात मलबा निघत नाही हा लाभ असला, तरी आतील सडके नळ आणि फाटलेला थर आणखी एका आवरणाखाली जातात, एवढे ध्यानात ठेवावे.

लाद्या किती लागतील याचा हिशेब घरीच करता येतो. चार बाय सात फुटांच्या खोलीचा परीघ बावीस फूट. सात फूट उंचीपर्यंत लाद्या घ्यावयाच्या तर १५४ चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा जाता साडेछत्तीसावर शंभर, म्हणजे १३६.५ चौरस फूट. बारा बाय अठरा इंचांची लादी दीड चौरस फुटाची, म्हणून ९१ लाद्या. कापण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या धरून शंभर घ्याव्यात. हीच लादी आडवी लावली तर सात फुटांत बरोबर सात ओळी बसतात, उभी लावली तर पाचवी ओळ कापावी लागते. निवड करण्यापूर्वी एवढा विचार केला तर कापलेल्या पट्ट्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

ओळी लावण्याची सुरुवात अगदी तळापासून करू नये. दुसऱ्या ओळीच्या बुडाशी, पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी घेऊन, एक सरळ लाकडी पट्टी भिंतीस ठोकावी, तिच्यावर टेकवून वरच्या ओळी चढवाव्यात, आणि जमिनीची फरशी झाल्यावर तळची ओळ शेवटी बसवावी. यात दोन हेतू साधतात. जमीन उतारी असल्यामुळे तळच्या लाद्या वेगवेगळ्या उंचीस कापाव्या लागतात, ते काप एकाच ओळीत राहतात. आणि भिंतीची लादी फरशीच्या वर येऊन टेकते, त्यामुळे भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता फरशीवर पडते.

लादी कोणत्या जातीची आहे यावर ती कशाने चिकटवावी हे अवलंबून असते, आणि येथे जुन्या मिस्त्रीचा अनुभवही कधीकधी त्याला फसवतो. भिंतीची साधी चकाकती लादी पाठीमागून सच्छिद्र असते. आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी ती शोषू शकते. म्हणून सिमेंटने लावावयाची झाल्यास ती आधी पाण्याच्या बादलीत, बुडबुडे थांबेपर्यंत, भिजवावी लागते. नाहीतर ती मसाल्यातील पाणी ओढून घेते, सिमेंट नीट मुरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत लादी सुटते. याउलट ‘व्हिट्रिफाइड’ लादी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी घेते. तिला भिजवण्यात अर्थ नाही, आणि सिमेंटच्या पेजेला तिच्या पाठीत शिरण्यास छिद्रेही नाहीत. तिला तयार मिळणारे रासायनिक मिश्रण दातेरी थापीने पसरूनच लावले पाहिजे. लादीच्या पाठीवर पाच गोळे ठेवून ती भिंतीवर दाबण्याची पद्धत अजून सर्रास चालते. बाहेरून काम सुबक दिसते, पण गोळ्यांमधील पोकळीत पाणी साठते, झुरळे नांदतात, आणि खुंटीसाठी ड्रिल लावताच लादी तडकते. दुसऱ्या दिवशी लाकडी मुठीने प्रत्येक लादीवर टिचक्या माराव्या. जी बद्द आवाज देईल ती तेव्हाच काढून पुन्हा लावून घ्यावी. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

टबाविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुनर्विकासात चार हात जागा अधिक मिळालेल्या अनेक कुटुंबांस त्याचा मोह पडू लागला आहे. साडेपाच फुटी टब भरण्यास दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते. आपल्याकडील शहरांचा पाणीपुरवठा आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईस आले, तेव्हापासून शहराची तहान दूरदूरच्या धरणांपर्यंत पोहोचली, आणि तरीही बोरिवली-मुलुंडच्या इमारतींत पाणी ठरल्या तासांनाच येते. दुसरा मुद्दा वजनाचा. भारतीय मानकात राहत्या घराच्या न्हाणीघरावर चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरला जातो. पाणी, टब आणि आतील मनुष्य यांचे ओझे, टबाची जागा सव्वा चौरस मीटरची असल्याने, तेवढ्यातच त्या मर्यादेस टेकते, आणि टबाभोवती विटांची भिंत बांधून तीवर लाद्या लावल्या तर ती ओलांडते. नव्या इमारतीत हे कदाचित निभावेल. तीस-चाळीस वर्षांच्या गंजलेल्या स्लॅबवर अभियंत्यास विचारल्याविना टब बसवणे हा अविचार होय.

तरीही बसवावयाचाच असेल, तर टब आधी आणि लादी नंतर, हा क्रम मोडू नये. टबाची कड भिंतीस भिडवून पाय पातळीत घ्यावेत. त्याच्या तळाचा उतार कारखान्यातच दिलेला असतो, म्हणून टब तिरपा ठेवण्याची गरज नाही. भिंतीची शेवटची लादी कडेच्या वर येऊन थांबली पाहिजे, म्हणजे ओघळणारे पाणी टबातच परतते. कड आणि लादी यांमधील फट सिमेंटने भरू नये. टब भरला की किंचित खाली बसतो आणि सिमेंट तडकते. तेथे सिलिकॉन भरावे, आणि तेही टब पाण्याने काठोकाठ भरून, म्हणजे फट जितकी रुंदावणार तितकी रुंदावल्यावर. बाजूच्या भिंतीत हात जाईल असे झाकण ठेवावे. टबाखालचा ट्रॅप कधी तरी तुंबतोच, आणि झाकण नसेल तर त्यापायी लाद्या फोडाव्या लागतात. माझ्यापुरता निर्णय विचाराल, तर त्याच जागेत एक बसण्याचा कट्टा, एक बादली आणि म्हाताऱ्या माणसाला धरण्यास पोलादी दांडी यांत अधिक शहाणपण आहे.

लाद्या बसल्यावर निदान एक दिवस जाऊ देऊन मग सांधे भरावेत. लाद्या एकमेकींस खेटून लावण्याची फर्माईश घरमालकच करतात. पण सूतभर नाही तरी अर्धे सूत अंतर हवेच, कारण उन्हाळ्यात इमारत फुगते आणि खेटलेल्या लाद्या उचलल्या जातात. पुढे घरातील गृहिणीने, किंवा तिच्या हुकमावरून कोणी कामवाल्या बाईने, दर आठवड्याला ॲसिड टाकून लाद्या चमकवण्याचा परिपाठ ठेवला, तर ते ॲसिड लादीच्या लेपाला फारसे न बाधता सांध्यांतील सिमेंटचा चुना विरघळवते, आणि वर्षाच्या आत भरलेले सांधे पोकळ होतात. टँकरच्या किंवा विंधणविहिरीच्या पाण्याने जे पांढरे थर बसतात त्यांवर लिंबू पुरेसे आहे.

एवढे करूनही डाग उमटला, तर भांडण्यापूर्वी निदान करावे. रात्रंदिवस, कोणी आंघोळ करो वा न करो, ठिबकत असेल तर भिंतीत दडवलेला पाण्याचा नळ फुटला आहे असे समजावे. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी ओल वाढत असेल तर दोष जमिनीत किंवा ट्रॅपमध्ये. केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीत, आणि तेथे वरच्या बिऱ्हाडाचा काही अपराध नसतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या त्या सदस्याने सोसावयाचा असतो, आणि गच्चीवरून येणाऱ्या गळतीचा संस्थेने. त्यामुळे निदानावरच पैशाचा निवाडा अवलंबून राहतो. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करण्याची तरतूद आहे. लाद्या बदलणे ही किरकोळ दुरुस्ती मानली जाते, तरी काम सुरू करण्यापूर्वी संस्थेस लेखी कळवावे. न्हाणीघर मूळ जागेवरून हलवून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर आणण्याचा खटाटोप मात्र कोणी करू नये, त्यास परवानगी मिळत नाही आणि मिळू नये.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. एकाच नमुन्याच्या लाद्यांचा रंगही भट्टीगणिक किंचित बदलतो, आणि दोन वर्षांनी तोच नमुना बाजारात मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून सर्व खोके एकाच बॅच क्रमांकाचे आहेत हे माल उतरवतानाच पाहावे, आणि एक न फोडलेला खोका, त्यावर तो क्रमांक आणि नळ कोठून गेले आहेत त्याचा नकाशा चिकटवून, पोटमाळ्यावर ठेवून द्यावा.